खणांचे मोल
उमरग्यातील घरांच्या किमतींचा एक लहानसा इतिहास



घर बांधणे, घर घेणे आणि घर विकणे या तीन गोष्टींवाचून कोणत्याही कुटुंबाचा इतिहास पुरा होत नाही. आपला सुतार समाज तर पिढ्यान्‌पिढ्या इतरांची घरे उभी करीत आला. असे असूनही घराची किंमत ठरते कशी, ती चढते का आणि उतरते का, याचा विचार आपण क्वचितच करतो. यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘आपल्या गावाविषयी काही लिहा’ एवढेच सुचविले होते. त्या आज्ञेस अनुसरून उमरग्यातील घरांच्या मोलाची हकीकत समाजापुढे ठेवीत आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. पुढील मजकुरात काही पुस्तकांत वाचलेले आहे, काही घरातल्या जुन्या कागदांवरचे आहे आणि बरेचसे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे.

या विचारास निमित्त झाले ते मुंबईत. दोन वर्षांपूर्वी भाच्याने तेथे सदनिका घेतली, तिच्या वास्तुशांतीस मी गेलो होतो. सहाव्या मजल्यावरच्या एका खिडकीतून समुद्राची बारीकशी पट्टी दिसत असे. ‘मामा, या पट्टीचेही पैसे मोजावे लागले,’ असे भाचा हसत म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो मला जुन्या लाकूडसामानाच्या बाजारात घेऊन गेला. एका दुकानापुढे काही सागवानी खांब भिंतीशी टेकवून ठेवले होते. बुडाशी चौकोनी, मधे अष्टकोनी, माथ्यावर कमळाच्या पाकळ्या आणि शेजारीच पोपट कोरलेले हस्त. ते काम कोणत्या मुलखातले, हे मला कोणी सांगावे लागले नाही. दुकानदार म्हणाला, ‘हे मराठवाड्याकडचे. समुद्रकाठच्या बंगल्यांसाठी यांना फार मागणी आहे.’ एका खांबाची किंमत त्याने पंचवीस हजार रुपये सांगितली. मी काही बोललो नाही. १९९६ साली मी माझ्या घरातले असेच बारा खांब, तुळया, कड्या आणि दोन चौकटी, असे सारे मिळून अकरा हजार रुपयांस, तेही वजनावर, विकून टाकले होते.

परतीच्या प्रवासात सोलापूर मागे पडेपर्यंत एकच प्रश्न मनात घोळत राहिला. वस्तू तीच, हात तेच. मग मोलात एवढी तफावत का पडावी?

खणावर ठरणारी किंमत

आजच्या तरुण मंडळीस ‘खण’ म्हटले की चोळीचा खण आठवेल. पण आपल्या भागात घर मोजायचे तेही खणांनी. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण; साधारणतः एका माणसास अंग पसरून निजता येईल एवढी. पाच खणांचे घर गरिबाचे, नऊ खणांचे मध्यम स्थितीतल्याचे, आणि ढेलज, चौक, सोपा, माजघर असलेला अनेक खणांचा वाडा पाटील-देशमुखांचा किंवा सावकाराचा. सोयरीक जमविताना ‘घर किती खणांचे?’ हा प्रश्न शेताच्या बिघ्यांबरोबरच विचारला जाई.

या घराची रचना अशी. खाली दगडाचे तळखडे, त्यांवर लाकडी खांब, खांबांवर हस्त, हस्तांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचा आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. हेच माळवद. बाजूंनी काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-तीन हात रुंदीच्या भिंती. उन्हाळ्यात अशा घरात शिरले की अंगाची काहिली शांत होई. दरवर्षी मृगापूर्वी माळवदावर नवी माती पसरून ती चोपली जाई. जुना थर काढण्याचे कष्ट मात्र फारसे कोणी घेत नसे. त्यामुळे बाप-आजांच्या काळापासूनचे ओझे डोक्यावर वाढतच गेले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा संबंध पुढे येणार आहे.

गावठाणातल्या जागेला त्या काळी स्वतंत्र अशी किंमत फारशी नव्हती. काळीतली जमीन मोलाची, पांढरीतली वस्तीपुरती. घर विकले जाई म्हणजे वस्तुतः त्यातले लाकूड विकले जाई. बाभूळ आणि निंब तालुक्यातच मिळत. सागवान मात्र बाहेरून आणावे लागे. १८६० साली आगगाडी सोलापुरास पोहोचली आणि पुढे तिची वाट गुलबर्ग्याकडे वळली. १९११ साली बार्शी लाईटची गाडी लातुरास आली. उमरगा दोहोंच्या मधे राहिले आणि आजतागायत रेल्वेवाचूनच आहे. तेव्हा सागवानाचा प्रत्येक वासा बैलगाडीने मुक्काम करीत करीत गावात यायचा. घरात लाकूड अधिक, म्हणजे घराचे मोल अधिक, असे गणित बसण्याचे कारण हेच.

माझ्या आजोबांनी घेतलेल्या घराचे खरेदीखत आमच्याजवळ आहे. त्यावर फसली सन १३४३ आहे, म्हणजे इसवी सन १९३३-३४. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे नाणेही वेगळे होते. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब असे. नऊ खणांच्या या घरास साडेतीनशे हाली, म्हणजे तीनशे कलदार रुपये पडले. कागद उर्दूत आहे. तो मी एका वृद्ध मौलवीसाहेबांकडून वाचून घेतला. त्यात चतुःसीमा आहेत, बारा खांब आहेत, दोन दरवाजे आहेत, परसातल्या निंबाच्या झाडाचाही उल्लेख आहे. जागेचे क्षेत्रफळ मात्र कोठेच नाही. आणखी एक गोष्ट त्यात नाही. या घराचे लाकूडकाम आमच्या पणजोबांच्या हातचे होते, हे गावात सर्वांस ठाऊक असे. तथापि खांब मोजणाऱ्याने खांब घडविणाऱ्याचे नाव लिहिलेले नाही. पणजोबांनी बलुत्याच्या धान्यावर व वर मिळालेल्या थोड्या रुपयांवर दुसऱ्यासाठी जे घडविले, ते त्यांच्या मुलाने पुढे रोख पैसे मोजून घरी आणले.

भयाने उतरलेला भाव

घरांची किंमत सर्वात झपाट्याने कोणत्या कारणाने उतरत असेल, तर ती भीतीने. या गोष्टीचा अनुभव उमरग्याने दोनदा घेतला आहे.

पहिला प्रसंग १९४८ चा. रझाकारांच्या धामधुमीत सरहद्दीजवळची अनेक कुटुंबे घरास कुलूप लावून सोलापूर भागात निघून गेली. कित्येकांनी जाण्यापूर्वी घर मिळेल त्या किमतीस देऊन टाकले. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत भारतीय सैन्याची कारवाई पुरी झाली आणि हैदराबाद संस्थान मुक्त झाले. लोक परतले. पण त्यानंतरच्या आठवड्यांत भीतीने घर बदलले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांस सर्वाधिक झळ पोहोचल्याचे म्हटले, त्यांत उस्मानाबाद हा एक होता, आणि ती झळ मुसलमान कुटुंबांस बसली होती. तेव्हा त्यांच्या घरांचे भाव पडले. आजोबा सांगत की त्या वर्षी घर घेणाऱ्याला दोन वेळा संधी होती, आणि दोन्ही वेळा ती न घेणारा माणूस रात्री सुखाने झोपला. त्यांनी स्वतः काही घेतले नाही. घेण्याइतके पैसे त्यांच्यापाशी होते की नाही, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

हाच नियम समुद्रकाठच्या मुंबईसही चुकलेला नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, तेव्हा मुंबईत बॅक बेचा समुद्र हटवून जमीन करण्याची टूम निघाली. जी जमीन अजून पाण्याखालीच होती, तिच्या भागांसाठी लोकांची झुंबड उडाली. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला आणि त्याबरोबर मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पुढे १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उद्भवला. लाखो माणसे शहर सोडून पळाली. भरलेल्या चाळी ओस पडल्या. १८९८ साली तेथे सुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन होऊन नवे रस्ते आणि नव्या वस्त्या निघाल्या. पळालेली माणसे परत आली, आणखी नवी आली, आणि जागेचा भाव पूर्वीहून वर गेला. तात्पर्य, भाव लोभाने चढतो आणि भयाने उतरतो. घर मात्र दोन्ही वेळा तेच असते.

मुंबई आणि उमरगा यांत एक भेद अवश्य आहे. समुद्र एका बाजूने वाट अडवितो, म्हणून तेथे जमीन थोडी आणि माणसे फार. किंमत जागेची, भिंती कशाही असोत. आपल्याकडे चारही दिशा मोकळ्या होत्या. म्हणून आपल्याकडे किंमत घराची होती, त्यातल्या लाकडाची आणि कसबाची होती. हे चित्र पालटले ते एका पहाटेने.

३० सप्टेंबर १९९३

त्यापूर्वी एक दुष्काळ येऊन गेला होता. १९७२ च्या अवर्षणात मी बारा-तेरा वर्षांचा होतो. खडी फोडण्याच्या कामावर गावेच्या गावे जात. त्या वर्षी कित्येकांनी मागच्या खोलीच्या तुळया उतरवून विकल्या आणि ज्वारी आणली. वडील म्हणत, ‘नऊ खणांचे घर म्हणजे नऊ पोती धान्य घरात उभे आहे असे समज.’ घर ही बँक होती, असे आजच्या भाषेत म्हणता येईल. ती बँक एकाएकी बुडेल, असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

१९९२ पासून किल्लारीच्या परिसरात लहान धक्के बसत होते. काही दिवस लोक अंगणात निजले आणि पुन्हा घरात गेले. २९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोहोचवून थकलेली माणसे गाढ झोपेत असताना, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. सरकारी नोंदीप्रमाणे सुमारे ८ हजार माणसे दगावली. किल्लारी औसा तालुक्यातले. पण सास्तूर, होळी, राजेगाव ही गावे त्या वेळी आपल्याच उमरगा तालुक्यात होती. १९९९ साली लोहारा तालुका वेगळा झाला, त्यात ती गेली.

उमरगा शहर वाचले. जुन्या घरांस तडे गेले, काही ठिकाणी भिंती ढासळल्या. आमच्या घराची मागची भिंत बाहेरच्या अंगास पडली. माळवद मात्र बारा खांबांवर जागच्या जागी उभे राहिले. आई मधल्या खणात निजली होती; तिच्या अंगावर मातीखेरीज काही पडले नाही.

सास्तुरास आत्याचे घर होते. तिसऱ्या प्रहरी मी तेथे पोहोचलो, तेव्हा गाव आणि माळ यांत फरक उरलेला नव्हता. आत्याच्या घरची पाच माणसे गेली. आतेभाऊ परगावी कामास गेला होता, म्हणून वाचला. आम्हा दोघांसही हत्यार धरता येत होते, म्हणून ढिगारा उपसताना जे दिसले त्याचा अर्थ दोघांसही न बोलता कळला. त्या घराच्या मागील दोन खोल्यांत भिंतीलगतचे खांबच नव्हते. लाकूड वाचविण्यासाठी तुळया सरळ दगडी भिंतीवर टेकविल्या होत्या. भिंत सरकली, तुळई सुटली आणि वर्षानुवर्षे साचलेली माती खाली आली. पुढच्या सोप्यात खांब होते; तेथे माळवद कलते उभे होते आणि त्याखाली कोणीही निजलेले नव्हते.

हे एका घराचे सांगितले, तरी तज्ज्ञांच्या पाहण्यांतही हेच पुढे आले. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या रुंद भिंती आणि माळवदाचे ओझे यांनी माणसे मारली. जेथे छताचा भार खांबांवर होता, तेथे भिंती पडूनही अनेक ठिकाणी छत टिकले. कुसू खोबणीत नीट बसलेला असला की लाकूड हलते, करकरते, पण एकदम हात सोडीत नाही. सर्वच सांगाडे टिकले असे मात्र मी म्हणणार नाही. तिरप्या आधाराशिवायचे काही सांगाडे झुकले आणि पडलेही. पण आपल्या वाडवडिलांच्या वाकस-किंकऱ्याने त्या रात्री किती जीव वाचविले, याची नोंद कोणत्याही खरेदीखतात सापडणार नाही.

मोजमाप बदलले

भूकंपानंतर सरकारने जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसनाचे मोठे काम हाती घेतले. सर्वस्वी उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसविली. हे काम थोडे नव्हे आणि ज्यांनी ते केले त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यातला एक नियम आपल्या समाजाने समजून घेण्यासारखा आहे. नव्या गावात कोणास केवढे घर द्यावयाचे, हे जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यास २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यास ४०० चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्यास ७५० चौरस फूट.

माझा आतेभाऊ भूमिहीन. सात खणांचे घर आणि पुढे लाकूडकामाची पडवी असलेल्या त्या माणसास २५० चौरस फुटांचे घर मिळाले. रंधा मारावयाचा तर फळी दाराबाहेर जाई. मी त्या नियमास अन्याय म्हणत नाही. हजारो कुटुंबांस छप्पर द्यावयाचे तर काहीतरी मोजपट्टी लागणारच. पण ती मोजपट्टी शेताची होती. ज्याची मिळकत त्याच्या हातात आणि त्याच्या घरात होती, त्या बलुतेदाराची मिळकत तीत कोठे बसली नाही. लोहार, कुंभार, परीट, सर्वांची गत तीच झाली. शेतकऱ्याचे शेत भूकंपानंतरही शेतच राहिले. कारागिराचे घर गेले म्हणजे त्याचा कारखानाच गेला.

उमरग्यात दुसरेच घडले. येथे घरे दुरुस्त करून मजबूत करावयाची होती. माळवदावरची माती उतरवा, भिंतीत आरपार बंधाचे दगड बसवा, वरून काँक्रीटचा पट्टा घ्या, असा तज्ज्ञांचा सल्ला होता आणि तो योग्य होता. पण लोकांच्या मनातून दगड आणि लाकूड दोन्ही उतरली होती. आपल्या भागात बहुतेकांनी मदतीच्या पैशात जुने घर सावरण्याऐवजी शेजारी एक नवी पक्की खोली उभी केली. जुन्या घरात निजेना कोणी. नऊ खणांच्या घरापेक्षा दहा फूट लांब, दहा फूट रुंद स्लॅबच्या खोलीस अधिक किंमत आली.

त्याच सुमारास जुने लाकूड घेणारे व्यापारी गावोगाव फिरू लागले. माझ्या शेजाऱ्याने अख्खे घर जागेसह विकले आणि तो सोलापुरास मुलाकडे गेला. किंमत त्याने केली नाही. समोरच्याने सांगितली ती याने घेतली. दहा वर्षांनी तो परत आला, तेव्हा तेवढ्या पैशात त्याच गल्लीत एक खोलीही मिळेना. मी त्याच्यापेक्षा शहाणा होतो अशातला भाग नाही. जागा मी राखली, लाकूड घालविले. व्यापाऱ्याने काटा लावला, माणसांनी खांब आडवे केले आणि आई दारात उभी राहून पाहत होती. ‘ज्यांनी मला वाचविले त्यांना किलोने देतोस?’ एवढेच ती म्हणाली. मुलांच्या शिक्षणाची आणि नव्या स्लॅबची निकड होती. मी तिला तेच उत्तर दिले. ते खोटे नव्हते. पण ते पुरेसेही नव्हते, हे मला मुंबईच्या त्या दुकानापुढे कळले.

रस्त्याने आणलेली किंमत

पुढची हकीकत सर्वांच्या डोळ्यांपुढची आहे. सोलापूर-हैदराबाद रस्ता उमरग्यातूनच जातो. पूर्वी तो राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणून ओळखला जाई, आता त्याचा क्रमांक ६५ आहे. रेल्वे नसलेल्या गावास हाच आधार. अलीकडे चौपदरीकरण निघाले आणि रस्त्यालगतच्या काळीस, जिथे पूर्वी तूर आणि ज्वारी उभी असे, तिथे चौरस फुटाचा भाव आला. जे घर खणावर मोजले जाई ते आता फुटावर मोजले जाते. दोनच पिढ्यांत किंमत लाकडातून मातीत उतरली. मुंबईत जे समुद्राने केले, ते आपल्याकडे रस्त्याने केले.

या बदलास नावे ठेवून उपयोग नाही. रस्त्यामुळे दुकाने निघाली, दवाखाने आले, मुलांना पुण्या-मुंबईची वाट सोपी झाली. पण लोभाने चढलेला भाव पाहून कित्येक बांधव घाईने कोपऱ्याकोपऱ्याचे तुकडे घेत आहेत. जमीन बिनशेती झाली आहे की नाही, तिला वाट आहे की नाही, हे न पाहता केवळ मुद्रांकावर लिहून घेऊन पैसे मोजतात. शंभर रुपयांहून अधिक मोलाच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत खताशिवाय पुरी होत नाही, हा कायदा १९०८ पासूनचा आहे. तो ठाऊक नसल्यामुळे आयुष्याची पुंजी अडकलेली कुटुंबे आपल्याच समाजात आहेत. बॅक बेच्या पाण्यातली जमीन घेणारे फार शिकलेले होते. आपण निदान कोरडी जमीन तरी पाहून घ्यावी.

तीन विनंत्या

इतिहास सांगून थांबणे शिक्षकास जमत नाही, म्हणून शेवटी तीन विनंत्या करतो.

पहिली कागदाविषयी. गावठाणातील पुष्कळ घरांस आजवर ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या उताऱ्यापलीकडे आधार नव्हता. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्यात येतात. आपल्या गावची मोजणी झाली असल्यास पत्रिकेवरील नाव आणि क्षेत्र तपासून घ्यावे. शहरातील बांधवांनी आपल्या मिळकतीच्या नोंदी पाहाव्यात. आजोबांच्या नावावरच राहिलेले घर म्हणजे चार भावांच्या भांडणाचे बी होय. नाव लावताना बहिणी-मुलींस वगळू नये. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मान्य केला आहे. भूकंपात ज्यांची माहेरे नाहीशी झाली, त्या लेकींचा विचार करून पाहा, म्हणजे या कायद्याचा अर्थ मनाला भिडेल.

दुसरी विनंती सुरक्षिततेची. जुने घर आवडते म्हणून माळवदाचे ओझे तसेच ठेवू नये. माती उतरवावी, पत्रा किंवा हलके छप्पर घ्यावे, सांगाडा जाणकारास दाखवावा. तसेच स्लॅब पडला म्हणजे घर भूकंपास तोंड देईल, या भ्रमातही राहू नये. जोत्यावर, दारांच्या माथ्यावर आणि छताखाली सलग पट्टे नसतील, तर सिमेंटची भिंतही दगडी भिंतीसारखीच दगा देते. १९९३ विसरलेली पिढी आता घरे बांधू लागली आहे, म्हणून हे लिहावे लागते.

तिसरी विनंती आपल्या कसबाविषयी. ज्या घरांत जुने काम अजून उभे आहे, त्यांनी ते विकण्यापूर्वी त्याची छायाचित्रे घ्यावीत, मोजमापे लिहावीत आणि कोणाच्या हातचे आहे हे वडीलधाऱ्यांस विचारून नाव नोंदवावे. विकावे लागले तर विकावे. गरज कोणास चुकत नाही. पण वजनावर विकू नये आणि भीतीने विकू नये. समाजाच्या कार्यालयात अशा नोंदींची एक वही ठेवली, तर दोन-चार वर्षांत ती आपल्या तालुक्याचा खरा इतिहास होईल. पहिली नोंद मी दिली आहे: नऊ खण, बारा खांब, दोन चौकटी, काम पणजोबांचे, १९९६ साली विकले.

आतेभाऊ आता सत्तरीला आला आहे. सास्तुरास नव्या गावातल्या त्या २५० चौरस फुटांपुढे त्याने पत्र्याची एक पडवी काढली आणि तीत अखेरपर्यंत दारे-खिडक्या घडविल्या. गेल्या दिवाळीत मी त्याला मुंबईच्या खांबांची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, ‘कुसू शाबूत होते का?’ मी हो म्हणालो. ‘मग ते कोठेही उभे राहतील,’ तो म्हणाला.

भगवान विश्वकर्म्याच्या कृपेने आपणा सर्वांची घरे निर्धोक राहोत, आणि ती घडविणाऱ्या हातांची नावेही त्यांच्यासवे टिकोत, अशी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.